सातव्या वर्षाचं माप

४ जानेवारी

अक्का, तू कशी आहेस? डोळ्यांचं कसं काय? सुईत दोरा ओवायला आता कुणाला हाका माराव्या लागत नसतील, अशी आशा आहे. भावजींची दाढ दुखायची थांबली का? इथे होते तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, काढून टाका म्हणून. पण घाबरट ते घाबरटच, तिला सोबत घेऊनच गेले. आईचे गुडघे बरे आहेत ना? तिकडे जिने नसतील तर बरंच झालं. आणि बाबांचा खोकला? त्यांना सांग, तुमची खुर्ची मी अजून कुणाला दिलेली नाही, फक्त तिच्यावर मासिकं रचली आहेत. आणखी एकाची चौकशी राहिली. पण ती राहू दे.

इकडे आम्ही ठीक. यांचं ऐकणं कमी झालंय, बोलणं नाही. लेक फोनवर रागावली, "आई, झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी तुला रोज चार ओळी लिहायला सांगितलं. त्याला रोजनिशी म्हणतात. त्यात मावशीला कसली पत्रं लिहितेस?" आता हिला काय सांगायचं? जन्मभर मला काहीही झालं तरी तुला सांगितल्याशिवाय ते झाल्यासारखं वाटलं नाही. तू गेलीस म्हणून ती सवय थोडीच गेली? वर तारीख घातली आहे. झाली रोजनिशी.

७ जानेवारी

आज घबाड सापडलं. मलम आणायला चौकातल्या औषधवाल्याकडे गेले होते. पन्नाशीचा, हसतमुख माणूस, मला मावशी म्हणतो. माझं वेड त्याच्या कानावर गेलं असावं. म्हणाला, "मावशी, तुम्ही ती जुनी शिवणाची मासिकं जमवता ना? आई आता माझ्याकडे राहायला आली, तिचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर गठ्ठा आहे. रद्दीत घालायच्या आधी बघता का?"

बघता का म्हणे! पायातली चप्पलसुद्धा नीट घातली नाही, तशीच त्याच्या मागे गेले.

आपलंच मासिक गं! मी चौथीत शाळा सोडली, त्यापुढची माझी शाळा म्हणजे ते मासिक आणि तू. आणि नुसते सुटे अंक नाहीत, वार्षिक अंक, ओळीनं, इतक्या वर्षांचे. प्रत्येकात तो घडी घातलेला मोठा नमुन्याचा कागद जागच्या जागी. आठवतं ना? एका फ्रॉकची सगळी मापं एकात एक छापलेली. दोन वर्षांची रेघ सरळ, तीनची तुटक, चारची ठिपक्यांची, सातची बारीक फुल्याफुल्यांची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते, की या गुंत्यातून फ्रॉक निघणार कसा. तू माझं बोट धरून एका रेघेवरून फिरवलंस आणि म्हणालीस, "बाकीच्यांकडे बघायचं नाही. आपलं माप धरायचं आणि चालत राहायचं."

घरी आले तर हे दारात उभे. "रद्दीवाल्यानं नवी शाखा उघडली वाटतं," म्हणाले. पण गठ्ठा हातातून घेतला. वर नेऊनही ठेवला.

९ जानेवारी

सगळे कागद उलगडून पाहिले आणि जीव हळहळला. भोकं! आपण कशा पातळ कागद वर ठेवून, खिडकीच्या काचेला लावून रेघ उतरवून घ्यायचो. मूळ कागदाला टाचणीसुद्धा लागू द्यायची नाही, हा तुझा कायदा. या बाईनं सरळ मूळ कागदावरून दातेरी चाक फिरवलंय. शिंपी खालच्या कापडावर खूण उमटवायला वापरतात ते. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखा झालाय एकेक कागद.

जाऊ दे. माझ्या हातात कला आहे. ओलसर मलमल, कोमट इस्त्री, म्हणजे फुगलेला कागद बसतो आणि निम्मी भोकं आपोआप मिटतात. उरलेल्यांवर मागून पातळ कागद, पातळ खळ. सुरुवात अलीकडच्या अंकांपासून केली, ते वर होते म्हणून.

१३ जानेवारी

अर्ध्याच्या वर झाले. हात फिरवला तर लोण्यासारखे लागतात. कुणाला सांगितलं तरी पटणार नाही की यांवरून कधी चाक फिरलं होतं. आज माझं मलाच कौतुक वाटलं. ठेवते, यांना भूक लागली आहे.

१६ जानेवारी

अक्का, एक गंमत झाली. गंमत म्हणावं की काय, कळत नाही.

जुन्यातले जुने काही कागद राहिले होते. त्यांतला एक मोकळा व्हावा म्हणून शिवणाच्या खोलीत खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावून ठेवला. दुपारी ऊन त्या बाजूला येतं. मी मशीनला तेल घालून मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर, बाबांच्या खुर्चीशेजारी, एक फ्रॉक उभा. उजेडाच्या ठिपक्यांचा. गळा, खांदा, छोटीशी बाही, खाली घेर. चार वर्षांच्या मुलीचा. भोकांतून ऊन आलं होतं, बाकी काही नाही, हे मला कळत होतं. तरी मी तेलाची बाटली अगदी हळू खाली ठेवली. पोर दचकेल म्हणून.

ऊन सरकलं तशी ती सरकत गेली. खुर्चीपासून कपाटापर्यंत. मग नाहीशी झाली.

१७ जानेवारी

आज दोन वर्षांचा कागद लावला. मग तीनचा. बाई दर वर्षी नवा अंक घ्यायची, त्यातला नवा फ्रॉक, आणि पोरीची रेघ एकेक पुढची. दोन, तीन, चार, पाच, सहा. भिंतीवर ती माझ्यासमोर वाढली गं. सहाच्या फ्रॉकला तर खिसे आहेत. खिशांवरून चाक दोनदा फिरवलंय. पोरीनं हट्ट केला असणार, मोठे हवेत म्हणून.

पुढचे कागद मी दुरुस्त केलेले. पण बुजवताना भोकं कोणत्या रेघेवर होती ते माझ्या बोटांना पाठ आहे. पुढचा अंक, फुल्यांची रेघ, सात. त्याच्या पुढचा, पुन्हा फुल्या. त्याच्याही पुढचा, फुल्याच. शेवटच्या अंकापर्यंत सगळीकडे फुल्या.

यांना विचारलं, "एखादी बाई दर वर्षी सात वर्षांच्याच मापाचा फ्रॉक का बेतेल?"

"घरात मुली रांगेनं असतील. एक झाली की दुसरी सात वर्षांची."

"दर वर्षी?"

"मग कारखाना असेल," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला वाटतं बाई विक्रीसाठी शिवत असेल. सातचं माप खपतं. शाळेतल्या मुली असतात ना.

२० जानेवारी

विक्रीसाठी शिवणारी बाई दोनपासून एकेक वर्ष चढत येईल का? आज भाजी चिरताना हे डोक्यात आलं आणि सुरी तशीच हातात राहिली.

दुपारी सहाचा कागद पुन्हा काचेला लावला. हे चहाचा कप घेऊन वर आले. मला द्यायलाच आणला होता. भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं. खुर्चीशेजारी एवढंसं लेकरू उभं राहावं तशी ती उभी होती. कप तसाच परत घेऊन गेले. मागाहून गॅलरीत पाहते तर कुंड्यांना पाणी घालत होते. सकाळी घातलं होतं ना! वय झालं की माणूस काय काय विसरतो बघ.

२१ जानेवारी

आज दुरुस्त केलेले कागद काचेला लावून पाहिले. एकामागून एक. भिंत कोरी.

मी खुर्चीवरची मासिकं काढून ठेवली. का, ते विचारू नकोस. खुर्ची रिकामी बरी वाटली.

२४ जानेवारी

औषधवाल्याकडे गेले. विचारायचं ठरवून गेले होते, पण त्याचाच चेहरा उतरलेला. म्हटलं, "काय रे, बरं नाही का?"

"मी बराय मावशी. आईचं बघवत नाही. माझ्याकडे आणल्यापासून जेवण तोडलंय तिनं. दोन घास घेते नि ताट सारते. डॉक्टर म्हणतात दुखणं काही नाही. दिवसभर टेबलावर बोट फिरवत बसते आणि विचारते, तिचं माप कुठे ठेवलंस? मी म्हणतो, कुणाचं? तर माझ्याकडे असं बघते, जणू मीच परका. टेप आणून दिली, फेकून दिली."

"तुमच्या घरात मुलगी होती?" मी विचारलं.

"ताई. मी जन्मायच्या आधीच गेली. ताप आला आणि गेली. सात वर्षांची होती. मी नुसता फोटो बघितलाय." मग म्हणाला, "आई दर वर्षी एक फ्रॉक शिवायची. शेजारपाजारच्या कुठल्या तरी सात वर्षांच्या पोरीला देऊन टाकायची. आम्हाला वाटायचं, तिला हौस आहे. गेल्या वर्षीपर्यंत शिवला, हात थरथरत होता तरी. तुम्ही नेली ती मासिकं... मला खरंच वाटलं नव्हतं मावशी, की त्यांत काही असेल."

त्याला कसं वाटणार? मी डोळ्यांत तेल घालून बघणारी, मला तरी कुठे दिसलं?

अक्का, मी तिला खळ लावून बुजवली.

२५ जानेवारी

दिवसभर प्रयत्न केले. पाण्याचा हात लावून मागचा कागद सोडवायला गेले, तर त्याबरोबर मूळ कागदाचा पापुद्रा निघून आला. दुसरा सोडवला, तो मधोमध फाटला. फुल्यांची रेघ तर दिसतेच, म्हटलं माझंच चाक त्यावरून फिरवावं. पण कागद भिजून, वाळून कापसासारखा झालाय. चाकाचे दात लागले की भुगा होतो.

हे म्हणाले, "बाईला दुसरा कुठला तरी कागद दे. तिला काय कळणार?"

म्हटलं, "तिला बोटांनी कळतं."

आता आणखी एक सांगते, म्हणजे खरं तर विचारते. बाईच्या गठ्ठ्यात फुल्यांचा पहिला कागद आहे तो गोल कॉलरच्या फ्रॉकचा. पोर गेली त्या वर्षाचा असणार. तो फाटला. तोच अंक माझ्याकडे आणखी एक आहे. तुझा. तुझ्या घरातलं सगळं जिकडेतिकडे गेलं, त्यातून माझ्या हाती लागलेला एवढा एकच. त्यातल्या कागदाला आजवर टाचणी लागलेली नाही. कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे. मी कधीकधी त्याच्यावर माझा अंगठा ठेवते.

काय करू?

२६ जानेवारी

तू काही बोलली नाहीस.

शेवटी यांना विचारलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अक्का असत्या तर त्यांनी दोन दिले असते. वरून तुला ओरडल्या असत्या, उशीर का केलास म्हणून."

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कधीकधी बरंच ऐकू येतं.

२८ जानेवारी

जाऊन आले.

औषधवाल्याचं घर दुकानाच्या वरच. खिडकीपाशी टेबल, टेबलाशी त्याची आई. एवढीशी बाई, पाठ सुईसारखी ताठ. मी शेजारी बसले, सांगितलं, "मी शिवणकाम करते." तिनं माझी बोटं हातात घेऊन तपासली. अंगठ्याजवळचा कात्रीचा घट्टा चाचपला, तेव्हा कुठे माझ्यावर विश्वास ठेवला.

आधी मी बिघडवलेल्यांतला एक कागद पुढे केला. मुद्दामच. माझं काय चुकलं ते तिच्यासमोर यायला हवं होतं. तिनं तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. "ही नाही," म्हणाली. "इथे होती. कुठे गेली?" औषधवाला दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

मी घाईघाईनं सहा वर्षांचा, हात न लावलेला कागद काढला. तिची बोटं गळ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून खाली खिशापर्यंत आली आणि बाई हसली गं! "किती ठेवायची या खिशांत! दगड, काड्या, शिंपले. धुवायला टाकला की बादलीत खडखडाट." मग एकदम हसू थांबलं. "पण ही आधीची. नंतरची कुठे आहे?"

तेव्हा मी तुझा कागद उलगडला. खाली घोंगडीची घडी घातली, चाक तिच्या हातात दिलं आणि तिचं मनगट धरलं. तू माझं धरलं होतंस तसं. तिचा हात फुल्यांवर नेला. म्हटलं, "सात ना?"

ती म्हणाली, "सात कसं? घट्ट होतो तिला. काखेत काचतो. किती दिवस सांगतेय ती."

माझा हात ढिला पडला. तिनं चाक उचललं आणि बाहेरच्या रेघेवर ठेवलं, आठच्या. थोडं चालवलं, मान हलवली. नऊ. दहा. दहाची रेघ त्या कागदावरची शेवटची. तीही तिनं ओलांडली. पुढे कोरा कागद होता, तिथे रेघ नाही, काही नाही. पण चाक थांबेना. खांदा रुंद होत गेला, बाही लांब होत गेली. तुझ्या अंगठ्याचा डाग आला, त्याच्यावरूनही चाक गेलं. करकर करकर आवाज येत होता. कागद संपला तरी ती घोंगडीवरून चालवतच होती.

मग थांबली. चाक बाजूला ठेवलं. "केवढी झालीय," म्हणाली. "मला वाटलं नव्हतं एवढी होईल."

औषधवाला परत आला होता. त्याला म्हणाली, "अरे, काही खायला आहे का घरात? यांनाही दे. कधीच्या बसल्यात."

तिच्याबरोबर मीही जेवले. भूक नव्हती, तरी जेवले.

२ फेब्रुवारी

तुझा कागद मी तिच्याजवळच ठेवला. येताना सगळे वार्षिक अंकही दिले, बिघडवलेले धरून. औषधवाला म्हणाला, "मावशी, तुमचा संच मोडला." म्हटलं, संच कसला, शाळा संपली माझी.

बाई बरी जेवते. मला सांगून ठेवलंय, कापड निळं आण, आणि काखेत जरा सैल ठेव.

ऊन रोज येतं, खिडकीची काच मोकळी आहे. भिंतीवर काही नाही. तरी त्या कोपऱ्यातून जाताना मी पदर आवरून घेते.

९ फेब्रुवारी

निळा झगा शिवून झाला. तिच्या रेघेवरून जसाच्या तसा. एक बाही दुसरीपेक्षा लांब आली, ती मी तशीच ठेवली. बाईनं मांडीवर घेऊन काखेची शिवण चाचपली. "आता बोलायला जागा नाही तिला," म्हणाली. मग नेहमीसारखा देऊन टाकला. औषधवाल्याच्या थोरल्या मुलीला. ती नोकरी करते, उंच आहे. "आजी, मला पहिल्यांदाच तुझं शिवलेलं काही बसलं," म्हणाली पोर, आणि तो घालून तशीच कामाला गेली.

१२ फेब्रुवारी

अक्का, आज आम्ही दोघं वरच्या खोलीत बसलो होतो. मी निळ्या कापडाचे उरलेले तुकडे घडी घालत होते. हे बाबांच्या खुर्चीत. एकदम म्हणाले, "त्याचे खांदे माझ्यासारखे रुंद झाले असते."

मी विचारलं नाही, कुणाचे.

"तुझ्या घरात कुणाचेच रुंद नाहीत," म्हणाले. "म्हणजे माझ्यावरच गेला असता."

"नाक मात्र आमच्याकडचं होतं," मी म्हटलं. "मी पाहिलं होतं." इतक्या वर्षांत एवढं बोलणंही आमचं कधी झालं नव्हतं. त्यांनी मान डोलावली, आणि मग टेप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, हात बाजूला पसरून. मी त्यांचं माप घेतलं. पण यांचं आता वाकलेलं शरीर, त्यावरून काय अंदाज येणार?

म्हणून तुला विचारते. पहिल्या पानावर एकाची चौकशी राहिली होती बघ. ज्याला आम्ही नावसुद्धा ठेवू शकलो नाही, तो. तुझ्याच हातात दिला होता त्याला सुईणीनं, आधी तुझ्या, मग माझ्या. तू आता तिकडेच आहेस, तुझ्या नजरेसमोर असेल. आईकडे असतो की तुझ्याकडे? जेवतो ना नीट? आणि ती खिशांत दगड भरणारी पोर दिसली तर तिला म्हणावं, निळा झगा पोचला का.

मी आजवर त्याला एवढासाच धरून बसले होते, दुपट्यात मावेल एवढा. वाढला असेल गं तो. चांगला बाप्या झाला असेल. पांढरं कापड आणलंय, धुऊन ठेवलंय, आटायचं ते आटू दे आधीच. छाती किती, बाही किती, गळा किती, सगळं नीट मोजून कळव. खांदा जरूर कळव, यांना ऐकायचाय. अंदाजानं कात्री चालवायची मला सवय नाही, तूच लावली नाहीस.

लवकर लिही.